कपबशीची दोन मतं

"बा देवा म्हाराजाऽऽ!" भिवा तांडेलांनी हात जोडले आणि देवळात बसलेली आख्खी आडवेळ वाडी गप्प झाली.

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे एका आवाजात.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत..."

"होय म्हाराजा!"

"उद्या मतदान आसा. ह्या वाडयेचा एक-एक मत पक्षाकच पडां दे. कोणाची बुद्धी फिरली आसात तर ती ताळ्यार हाड. आणि कोणी फितूर झालो तर तुझो तू बघून घे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आमच्याकडे गाऱ्हाणं कशासाठीही घालतात. मुलीचं लग्न जमत नाही, घाला गाऱ्हाणं. होडीचं इंजिन खोकतंय, घाला गाऱ्हाणं. जिल्हा परिषदेचं मतदान देवाच्या अखत्यारीत येतं की निवडणूक आयोगाच्या, असले प्रश्न आडवेळीत कुणाला पडत नाहीत. मलाही त्याआधी कधी पडला नव्हता. पण त्या संध्याकाळी शेवटच्या 'होय म्हाराजा'ला माझं तोंड उघडलं आणि आवाज काही फुटला नाही. एवढ्या मोठ्या गजरात एक आवाज कमी पडला तर कुणाला कळणार, अशी मी माझी समजूत घातली.

आबा मोंडकरांनी नारळ वाढवला. खोबऱ्याचा पहिला तुकडा भिवाच्या हातावर ठेवला आणि दुसरा माझ्या.

आबा म्हणजे आमच्या वाडीत पक्ष. आमच्याकडे पक्षाचं कार्यालय कधीच नव्हतं, आबांची ओटी होती. मी विशी ओलांडली तेव्हापासून त्या ओटीवर बसून पत्रकं वाचली, भिंती रंगवल्या, मोर्च्याच्या ट्रकमध्ये माणसं भरली. माझे वडील लवकर गेले. माझ्या लग्नात वडिलांच्या जागी आबाच उभे होते. 'आबांचा सहदेव' ही माझी ओळख होती आणि मला तिचा अभिमान होता.

आडवेळीत पक्ष आला तो रापणीसाठी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या सगळ्या वाडीने वाळूत पाय रोवून ओढायच्या. दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा, मग तो तरणा असो, थकलेला असो, विधवा बाई असो. त्यावरच वाडी जगत होती. मग मोठ्या यांत्रिक बोटी आल्या. त्यांचं जाळं बटव्यासारखं तळातून आवळतं आणि एका फेरीत आमचा हंगाम उचलून नेतं, गाभोळीच्या, अंडी भरलेल्या मासळीसकट. आमच्या रापणीत उरायचं ते शेवाळ आणि शिव्या.

एकदा आम्ही बारक्या होड्या घालून असली एक बोट समुद्रातच घेरली. पोलिसांनी आम्हाला उचललं. कोठडीच्या फरशीवर आबांनी माझ्याशेजारी बसून रात्र काढली. सकाळी पक्षाचा वकील आला, जामीन झाला, आणि तालुक्यात पक्षाच्या फलकांवर आमचं वाक्य चढलं: 'बारक्या जाळ्याचा माणूस, तोच आमचा माणूस.'

ती घेरलेली बोट जगूशेटची होती. आणि या निवडणुकीत पक्षाने तिकीट दिलं होतं ते जगूशेटला. पंधरवड्यापूर्वी त्यांनी गळ्यात हार घालून पक्षात प्रवेश केला होता. त्या हाराची फुलं सुकायच्या आत उमेदवारी जाहीर झाली.

देवळातून उतरताना आबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

"फाल्यां सकाळीच बुथवर जावन बस. पक्षाचो माणूस म्हणान तूच."

"आबा," मी म्हटलं, "जगूशेटची बोट आपण घेरलेली. इसारलात?"

"इसराक मी एवढो म्हातारो झालंय काय?"

"मगे?"

आबा थांबले. काठी वाळूत टेकवली. "सहदेवा, माणूस बघू नको, झेंडो बघ. माणसां येतत आणि जातत. त्या दिवशी कोठडीतसून तुका सोडवन कोणी हाडलो? पक्षान. जगूशेट आज आसा, उद्या नसात. पक्ष नसलो तर आपणाक कोण इचारतलो?"

"पण झेंड्याखाली कोण उभो आसा, ता बघूचाच नाय?"

"शेटान माका शब्द दिल्यान. आडवेळीची सगळीच्या सगळी मतां पडली तर जेटी बांधून दितलो. आणि मीव शब्द दिलंय. एक मत जरी हयचा थय झाला, तरी आबा मोंडकराचो शब्द गेलो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पक्षाच्या भायर एकदा उभो रवान बघ. मगे कळतला वारो कसो लागता तो."

धमकी देताना माणूस असा बोलत नाही. त्यांना माझी काळजी वाटत होती.

विरोधात एकच नाव होतं: मंदाकिनी कुबल. शेजारच्या गावची, डोक्यावर टोपली घेऊन मासे विकणारी बाई. बोट घेरली त्या दिवशी पोलीस ठाण्याबाहेर सगळ्यात मोठ्या आवाजात ओरडणारी तीच होती. तिनेही पक्षाकडे तिकीट मागितलं होतं. "खर्च करण्याची तयारी किती?" असं तिला विचारलं गेलं म्हणे. मग ती अपक्ष उभी राहिली, कपबशीचं चिन्ह घेऊन. आमच्या वाडीत प्रचाराला एकटीच चालत आली. कुणी दार लावलं नाही, पण कुणी बाहेरही आलं नाही. मी होडीला डांबर लावत होतो, पळायला जागा नव्हती.

"सहदेवदादा," ती म्हणाली, "मत दी म्हणान सांगूक नाय इलंय. माका फकत एवढाच सांग. जगूशेट पक्षात इलो, तेच्यान तेचा जाळा ल्हान झाला काय?"

मी डांबराचा ब्रश डब्यात बुडवला. ती टोपली सावरत पुढच्या घराकडे गेली.

मतदानाच्या दिवशी शाळेत जाऊन आधी स्वतःचं मत टाकायचं आणि मग पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बाकावर बसायचं, असा बेत होता. मी खरंच सांगतो, पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाईपर्यंत मी पक्षालाच मत देणार होतो. बोट पक्षाच्या चिन्हावर नेलंही. ते चिन्ह मी वाडीच्या प्रत्येक भिंतीवर स्वतःच्या हाताने रंगवलेलं. त्याच्यासमोर जगूशेटचं नाव छापलेलं होतं. नावाकडे बघत राहिलो आणि मला कोठडीची ओली फरशी आठवली. बोट खाली सरकलं.

पींऽऽ.

तो आवाज साऱ्या शाळेला ऐकू जातो. कुठलंही बटण दाबलं तरी सारखाच येतो, हे माहीत असूनही मला दरदरून घाम फुटला.

मग दिवसभर मी पक्षाचा बिल्ला लावून पक्षाच्या बाकावर बसलो आणि यादीवर खुणा करत राहिलो. माणसं येत, माझ्याकडे बघून मान हलवत, आत जाऊन बटण दाबत. माझी बायको विजया आली, तिने लांबूनच डोळ्यांनी 'जेवलात काय?' विचारलं. मी हो म्हटलं, जेवलो नव्हतो. दुपारी आबा आले. ते आडोशाआड गेले आणि बराच वेळ आवाजच येईना.

"आजोबा, बटण सापडत नाही का?" मतदान अधिकाऱ्याने विचारलं.

"सापडता रे बाबा. डोळ्यांचो त्रास," आतून उत्तर आलं. मग एकदाचं पीं झालं. आबा बाहेर आले, माझ्याकडे न बघता काठी टेकत निघून गेले. वाडी अशी ओळीने येऊन जात होती आणि मला जन्मात कधी वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटत होतं. लपवण्यासारखं काही असलं की भरल्या जत्रेतही माणूस एकटा होतो.

मतमोजणी तालुक्याच्या गावी. टेबलापाशी आबा आणि मी शेजारी शेजारी बसलो. एकेका गावाचं मशीन उघडत होते आणि आकडे वाचत होते. जगूशेट पहिल्यापासून पुढे होते. बाहेर गुलाल उधळायला सुरुवातही झाली होती. मग आमचं मशीन आलं.

"आडवेळ. पक्ष, एकशे अठ्ठ्याऐंशी. कपबशी, दोन."

मी मान खाली घालून बसलो होतो. 'एक' ऐकायची तयारी करून आलो होतो. कानाने 'दोन' ऐकलं आणि माझी मान आपोआप वर झाली. तो क्षण मला अजून आठवतो. भीती वाटायच्या आधी मला आनंद झाला होता. वाडीत आणखी कुणीतरी आहे! आबांकडे बघितलं. ते आकडा लिहून घेत होते. त्यांची पेन्सिल दोनच्या आकड्यावर पुन्हा पुन्हा फिरत होती.

जगूशेट हजारांनी निवडून आले. आमच्या दोन मतांचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. पण वाडीला होतं. देवाला नारळ देऊन शब्द दिला होता आणि तो दोघांनी मोडला होता. त्यातच दुसऱ्या दिवशी रापणीला चार टोपल्या जेली फिश लागली. झालं. संध्याकाळी वाडी पुन्हा देवळात.

"दोघांनी देवाक फसवल्यानी," भिवा म्हणाले. "तेंचा नाव घेवन क्षमेचा गाऱ्हाणा घालूक व्हया. नाव गावल्याबगर देव शांत होवचो नाय."

"नाव कशाक व्हया? इचारा त्या पारूक!" मागून कुणीतरी ओरडलं.

पारू विधवा बाई. बाजारात मंदाकिनीच्या शेजारी बसून मासे विकायची, एवढाच तिचा गुन्हा. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"माझ्या झिलाची शपथ," पारू रडायला लागली, "मी पक्षाकच दिलंय. आबांनू, तुमी तरी सांगा हो!"

"शपथ कोणीव घेतत. एक वाटो चुकलो की बरोबर आठवात तुका!"

रापणीचा वाटा गेला तर पारूच्या घरात चूल पेटणार नव्हती. मी आबांकडे बघत होतो. ते काही बोलतील असं वाटलं होतं. ते देवाकडे बघत होते. मग मी उठलो.

"पारूक बोलू नका. एक मत माझा."

मी बसलो नाही. मला वाटत होतं, मी उभा आहे हे बघून तो दुसराही उठेल. मी चेहऱ्यांवरून नजर फिरवली. ज्यांच्याबरोबर मी दोरी ओढली, ज्यांची मयतं खांद्यावर नेली, ती सगळी माणसं. एकेकाकडे बघून मनात म्हणत होतो, तूच ना रे? ऊठ की! कुणी उठलं नाही.

"मगे दुसरा बायलेचा!" कुणीतरी निकाल लावून टाकला.

विजया ताडकन उभी राहिली. "माझा मत पक्षाक पडला. ह्येंनी काय केल्यानी ता माका आजच कळता हा." आणि माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, "माका तरी सांगूचा होता तुमी," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मला लागलं ते तेवढंच.

"मगे पारूच!" पुन्हा मागून आवाज.

आता आबा उठले. काठी फरशीवर आपटली.

"गप रवा! दुसरा मत कोणाचा नाय. ती मशीनची चूक. मशीन चुकता कधी कधी."

आबांनी सांगितलं म्हटल्यावर वाडीचं समाधान झालं. भिवांनी माझं एकट्याचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं. वर्षभर मी रापणीच्या दोरीला हात लावायचा नाही असं ठरलं. पक्षाचा बिल्ला मी स्वतःच काढून आबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला. सगळे उठून गेले. विजया पारूला धरून पुढे निघून गेली होती.

मी मात्र देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. पक्षाबरोबर आबा किती निवडणुका हरले होते! दर वेळी आमच्यातला कुणी चिडून म्हणायचा, मशीनमध्ये गडबड आहे. आणि दर वेळी आबा त्याला झापायचे: मशीन चुकत नाही, हरलेला माणूस चुकतो. तेच आबा आज भर देवळात मशीनला चूक म्हणाले होते. कुणाला वाचवण्यासाठी? पारूला, हे खरंच. पण पारूला वाचवायला खोटं सांगायची गरज कुणाला पडते? ज्याला खरं माहीत असतं, त्याला.

मी किनाऱ्यावर गेलो. दिवस बुडत होता. आबा उलट्या घातलेल्या होडीला टेकून उभे होते, जणू मी येणार हे त्यांना ठाऊक होतं.

"मशीन चुकत नाय, आबा."

त्यांनी वरच्या वाटेकडे एकदा बघून घेतलं.

"नाय चुकत," ते म्हणाले.

मला रडू आलं. रागाने आलं, की आपला माणूस सापडला म्हणून आलं, ते आजही सांगता येणार नाही.

"मगे मी उभो रवलंय तेवा तुमी कित्याक उठलात नाय? मी थय एकटो..."

"आडोशाफुडे जायसर मीव पक्षाकच देवचो होतंय," आबा म्हणाले. "नाव वाचलंय आणि बोटच पुढे जायना." त्यांनी डोळे पुसले, सरळ, लपवाछपवी न करता. "सहदेवा, तू उठलंस, मोकळो झालंस. तुका बरा आसा. तू एकटो पडाक शकतंस. मी उठलंय आसतंय तर आख्खी वाडी फुटली आसती. अर्धी माझ्यावांगडा, अर्धी पक्षावांगडा. मगे रापण कोणी ओढूची? एकटो पडाची सवलत माका नाय रे."

"आणि माझा काय?"

"तुझा..." आबा अडखळले. माझ्या खांद्यावर ठेवायला त्यांनी हात उचलला. तेवढ्यात वरच्या वाटेने दोघंतिघं बोलत येताना दिसली. आबांनी हात खाली घेतला. घसा साफ केला आणि त्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "परत माझ्या ओटीयेर पाय ठेव नको, सहदेव!"

आणि ते काठी टेकत त्यांच्याबरोबर निघून गेले.

वर्ष संपलं तरी मला रापणीला कुणी हाक मारली नाही. मीही गेलो नाही. पाग घेऊन एकटा खाडीत जाऊ लागलो. पाग हे एका माणसाचं जाळं, एकट्याने फेकायचं आणि एकट्याने ओढायचं. विजया दोन महिन्यांनी माझ्याशी नीट बोलू लागली. जेटी झाली नाही. जगूशेटच्या दोन बोटींच्या पाच झाल्या आणि त्यांनी मध्यंतरी दोनदा पक्षही बदलला. मंदाकिनी पुन्हा कधी उभी राहिली नाही. आबा वाटेत समोरून यायचे तेव्हा बरोबर कुणी ना कुणी असायचंच, आणि ते माझ्याकडे न बघता पुढे जायचे. मी त्यांच्यावर रागवायचा पुष्कळ प्रयत्न केला. ज्या वाडीत माझ्या मनासारखं एकच माणूस होतं, त्याच्यावर रागावून मी राहिलो असतो कुणाकडे?

ही गोष्ट होऊन आता वीसेक वर्षं झाली. आबा गेल्या पावसाळ्यानंतर गेले. पक्षाने त्यांना झेंड्यात गुंडाळलं. पुढे शाळेत शोकसभा झाली, जिल्ह्याहून नेते आले. जगूशेटसुद्धा आले होते, पहिल्या रांगेत. मी विजयाबरोबर मागे भिंतीला टेकून बसलो.

एकामागून एक सगळे बोलले, आणि प्रत्येकाने फिरवून फिरवून तेच सांगितलं: आबांनी आयुष्यात कधी पक्षाचा शब्द मोडला नाही. जिल्ह्याचे नेते म्हणाले, "अशी निष्ठा आता बघायला मिळणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. भिवांचा मुलगा डोळे पुसत होता.

विजयाने कोपराने मला ढोसलं. "उठा. तुमी तेंचे. तुमी नाय बोलतलात तर कोण बोलतलो?"

मी उठलो. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, पहिल्या रांगेतली जगूशेटचीही. मी तोंड उघडलं. आबांनी आयुष्यात केलेली सगळ्यात धीराची गोष्ट त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती, आणि तीच सांगितली तर आबा कुणाचेच उरले नसते.

"आबांनी कधीच पक्षाचा शब्द मोडल्यानी नाय," मी म्हणालो, आणि खाली बसलो.